छळामुळे घर सोडलेल्या स्त्रीला घरमालक भाड्याने घर नाकारू शकतो का? (इंदूर)

रामबागवासी (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न माझा स्वतःचा आहे. उत्तर देणाऱ्यांना सोपे जावे म्हणून परिस्थिती आधी थोडक्यात सांगते. लग्नानंतर मी सुदामानगरला सासूबाईंच्या नावावर असलेल्या घरात राहत होते. मारहाण वाढल्यावर मुलीला घेऊन रामबागेत भावाकडे आले. पोलिसांत तक्रार दिलेली आहे, न्यायालयात मात्र अजून काही दाखल केलेले नाही. नोकरी आहे, पगार वेळेवर होतो. भावाच्या लहानशा घरात आम्हा सर्वांना कायम राहता येणार नाही, हे तो आणि वहिनी बोलून दाखवत नसले तरी मला कळते. म्हणून लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, तिलकनगर या भागांत, जिथे आपली माणसे पुष्कळ आहेत, तिथे भाड्याचे घर शोधते आहे.

घर दाखवले जाते, भाडे ठरते, आणि मग ‘मिस्टर कुठे असतात?’ हा प्रश्न येतो. खरे सांगितले की ‘घरात विचारून कळवतो’ असे उत्तर मिळते आणि पुढे कोणी कळवत नाही. एका ठिकाणी तर इसार घेतल्यानंतर तो परत केला गेला, कारण माझा नवरा भावाच्या दारात येऊन आरडाओरडा करून गेल्याचे घरमालकांना कोणाकडून तरी समजले होते. परक्या वस्तीत कदाचित इतकी चौकशी झाली नसती, असेही आता वाटू लागले आहे. दलाल सुचवतो की ‘नवरा दुबईला नोकरीला आहे असे सांगा, काम लगेच होईल.’

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. निव्वळ या कारणासाठी घर नाकारणे कायद्याने चालते का? घर मिळालेच आणि नवऱ्याने तिथेही येऊन गोंधळ घातला, तर घरमालक मला बाहेर काढू शकतो का? आणि जे घडले ते सांगणे मला बंधनकारक आहे का? सासरचे घर माझ्या नवऱ्याच्या नावावर नसल्यामुळे त्यावर माझा काहीच हक्क नाही, असे सासरचे लोक सांगतात. तेही खरे आहे का, हे कोणी जाणकाराने सांगावे.

वकील_तिलकनगर

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तेच आधी देतो. एखादी स्त्री छळामुळे घर सोडून आली आहे एवढ्याच कारणासाठी खासगी घरमालकाने तिला घर नाकारले, तर त्याला जाब विचारता येईल असे थेट कलम आज आपल्याकडे नाही. राज्यघटनेचे कलम १५(१) भेदभावाला मनाई करते, पण ती सरकारला. कलम १५(२) खासगी व्यक्तींपर्यंत पोहोचते खरे, परंतु त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. भाड्याचे राहते घर नाही. गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीतही न्यायालये हात राखूनच असतात. सदस्यत्व केवळ पारशांपुरते ठेवणारी एका झोरास्ट्रियन गृहनिर्माण संस्थेची उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली होती, आणि ते प्रकरण शेजारच्या गुजरातमधलेच होते.

संसदेला असे कलम लिहिता येत नाही, असे मात्र समजू नका. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेच्या बाबतीत अडवणूक करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा अधिनियम आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१९ चा अधिनियम, या दोहोंत घर भाड्याने घेण्याच्या व विकत घेण्याच्या बाबतीत भेदभाव करू नये असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच संसदेने २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा अधिनियम केला, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि त्यात स्त्रीच्या निवाऱ्याचा विचार पुष्कळ बारकाईने केलेला आहे; पण तो सगळा विचार ज्या घरातून ती बाहेर पडली ते घर आणि तिथल्या माणसांची जबाबदारी यांपुरता आहे, ज्या घराचे दार ती पुढे ठोठावणार आहे त्याच्याविषयी कायदा गप्प आहे. माझ्या मते ही उणीव मोठी आहे आणि ती न्यायालयाने नव्हे, कायदेमंडळानेच भरून काढायला हवी.

आता तुमच्या बाजूचे सांगतो. सासरचे लोक तुम्हाला जे सांगत आहेत ते २००६ सालचे आहे. त्या वर्षी एस. आर. बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क मागता येत नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती भूमिका चुकीची ठरवली. घर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तुम्ही तिथे कुटुंबाचा भाग म्हणून राहत होता का, हे पाहिले जाते. तुम्ही घर सोडून आलात म्हणून हा हक्क संपलेला नाही, हे २०२२ च्या प्रभा त्यागी निकालाने आणखी स्पष्ट केले आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा हा हक्क परस्पर मोडून काढता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता यांच्या प्रकरणात सांगितले. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही, आणि आहुजा निकालातच वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांतपणे राहण्याच्या हक्काशी त्याचा मेळ घालण्यास सांगितलेले आहे.

त्या घरात परत जावे असे तुम्हाला वाटत नसणार, आणि म्हणूनच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९(१) मधील शेवटचा खंड, म्हणजे (फ), तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. त्याखाली दंडाधिकारी नवऱ्याला असा आदेश देऊ शकतात की सामाईक घरात तिला जसे राहणीमान होते तशाच दर्जाची दुसरी जागा त्याने मिळवून द्यावी, किंवा तिच्या घराचे भाडे त्याने भरावे. तुम्हाला पगार आहे एवढ्यावरून हा मार्ग बंद होत नाही. रक्कम ठरवताना दोघांची परिस्थिती पाहिली जाते. अर्ज कलम १२ खाली करायचा. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते हे मी इथे लिहीत नाही, कारण कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो आणि खरी मदत बहुधा त्यातूनच मिळते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ बरे आहे. एकदा तुम्ही भाडेकरू झालात की मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ तुमच्या बाजूला उभा राहतो. कलम १२ मध्ये दिलेल्या कारणांखेरीज तुमच्याविरुद्ध जागा खाली करण्याचा दावाच लावता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. अकरा महिने संपले हे त्या यादीतले कारण नाही. उपद्रवाचे कारण आहे, पण तिथे शब्द आहेत ‘भाडेकरू किंवा त्याच्यासोबत राहणारी व्यक्ती’. बाहेरून येऊन फाटकाशी शिवीगाळ करणारा नवरा तुमच्यासोबत राहत नाही, त्यामुळे त्याचा उपद्रव तुमच्या खात्यावर टाकता येणार नाही. घरमालकाने कंटाळून नळ किंवा वीज तोडली, तर कलम ३८ खाली भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

घरमालक_सुदामानगर

आमच्या बाजूने कोणीतरी लिहिणे आवश्यक आहे, म्हणून लिहितो. मी वरचा मजला भाड्याने देतो आणि खाली आम्ही दोघे म्हातारे राहतो. ताईंना नकार देणारे सगळेच जुनाट विचारांचे असतील असे मानू नये. वकीलसाहेबांनी वर जे वर्णन केले, तेच खरे तर आमच्या भीतीचे कारण आहे. एकदा माणूस आत आला की त्याला काढता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही सारी पारख दाराशीच करून घेतो. आतल्या भाडेकरूला कायदा जितका सांभाळतो, तितका बाहेरच्या उमेदवाराविषयी मालक जास्त चिकित्सक होतो. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण असे घडते.

दुसरी भीती रात्री-अपरात्रीच्या गोंधळाची. नवरा येऊन फाटक तोडणार, पोलीस येणार, मला साक्षीला बोलावणार. सत्तरीनंतर हे झेपत नाही. त्यामुळे मला असे वाटते की ताईंनी आधीच सगळे स्पष्ट सांगावे आणि न्यायालयाचा आदेश असेल तर तोही दाखवावा. ज्याला भीती वाटेल तो नाही म्हणेल, परंतु जो हो म्हणेल तो नंतर मागे हटणार नाही. इसार घेऊन परत करणाऱ्या गृहस्थांचे वागणे मला पटलेले नाही. शब्द दिल्यावर तो पाळायला हवा होता.

ओसरी

घरमालक काकांचे म्हणणे प्रामाणिक आहे, तरी मी ताईंना नेमका उलटा सल्ला देईन. स्वतःहून काहीही सांगू नका. घर पाहताना ज्या गोष्टी पुरुष भाडेकरूला विचारल्या जातात, तेवढ्यांचीच उत्तरे द्या: नोकरी कुठे, पगार किती, राहणार कोण. मी ‘मी आणि माझा मुलगा राहणार आहोत’ एवढेच सांगत असे, आणि पुढे कोणी विचारले तर ‘आम्ही वेगळे राहतो’ या तीन शब्दांवर थांबत असे. मारहाणीची हकिगत ऐकून काही लोकांना कणव येते, पण कणवेतून मिळालेल्या घरात रोज कोणीतरी चौकशी करत राहते, आणि भाडे एक तारखेऐवजी तीन तारखेला गेले तरी ती कणव आटते. त्यापेक्षा कोरडा व्यवहार बरा.

माझी अडचण वेगळी होती, आणि ती इथे कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. मी घर सोडले नव्हते, नवराच निघून गेला होता, आणि भाडेकरार त्याच्या एकट्याच्या नावावर होता. त्याने मालकांना परस्पर कळवले की त्याला ती जागा नको आहे. मालकांनी मला सामान हलवायला सांगितले आणि मी दिलेले भाडे घेईनात. आमच्या वकीलबाईंनी त्यांना बी. पी. अचला आनंद हा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल दाखवला. ते प्रकरण कर्नाटकातले आहे. त्यात असे म्हटले आहे की नवऱ्याने सोडून दिलेली पत्नी त्या भाड्याच्या घरात राहत असेल आणि नवरा दाव्यात लक्ष घालत नसेल, तर तिला स्वतः उभे राहून, भाडे भरून, नवऱ्याला जे बचाव घेता आले असते ते सगळे घेता येतात. मात्र घटस्फोट झाल्यावर हा आधार उरत नाही, जोपर्यंत घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच राहण्याची तरतूद करून घेतलेली नसते. त्यामुळे घटस्फोटाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी घराचा मुद्दा त्यात लिहिला आहे की नाही, हे प्रत्येकीने पाहावे. भाडे मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवत राहावे आणि पावती जपून ठेवावी.

मूळची_इंदूरची

मी सध्या अमेरिकेत असते. इकडे स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा केंद्रीय कायदा १९९४ चा आहे. त्यात घरांविषयीचे संरक्षण २००५ मध्ये आले आणि २०१३ मध्ये ते आणखी योजनांना लागू झाले. पीडित असल्याच्या कारणावरून घर नाकारता येत नाही किंवा काढून टाकता येत नाही, भाडेकरार विभागून केवळ मारहाण करणाऱ्याला बाहेर काढता येते, आणि जिवाला धोका असेल तर तातडीने दुसरे घर मागता येते. पण हे सरकारी अनुदानाच्या घरांपुरते आहे. पूर्णपणे खासगी घरमालकाच्या बाबतीत त्या त्या राज्याचा कायदा पाहावा लागतो, आणि सगळीकडे तो सारखा नाही. करार विभागण्याची कल्पना मात्र ओसरीताईंनी सांगितलेल्या निकालापेक्षा एक पाऊल पुढची वाटते, कारण तिथे नवरा निघून जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

रामबागवासी

सर्वांचे आभार. आता दोनच शंका उरल्या आहेत. ओसरीताई म्हणतात तसे गप्प राहिले आणि घरमालकांना नंतर कळले, तर ‘तुम्ही फसवणूक केली’ असे म्हणून ते करार मोडू शकतात का? आणि पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीच्या अर्जात नवऱ्याचे नाव-पत्ता द्यावाच लागतो का? त्यातून माझा नवा पत्ता त्याच्यापर्यंत जाईल अशी भीती वाटते.

वकील_तिलकनगर

गप्प राहणे आणि खोटे सांगणे यांत कायदा फरक करतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, बोलण्याचे कर्तव्यच नसेल तेव्हा निव्वळ मौन ही फसवणूक होत नाही. आपले लग्न का मोडले हे भावी घरमालकाला सांगण्याचे कर्तव्य भाडेकरूवर कोणी टाकलेले नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे सज्ञान आणि शुद्धीवर असलेली व्यक्ती करार करू शकते. नवऱ्याची सही मागणारा दलाल ती स्वतःच्या सोयीसाठी मागतो. परंतु ‘दुबईला आहे’ हे सांगितलेत, तर ते मौन राहत नाही. त्या विधानावर विसंबून करार केला असे मालक म्हणू शकेल आणि करार रद्द ठरवण्याला निमित्त मिळेल. तो सल्ला अजिबात ऐकू नका.

पडताळणीविषयी इंदूर पोलिसांचे आदेश निघत असतात आणि माहिती देण्याची जबाबदारी घरमालकावर असते. त्यांना घरात कोण राहणार आहे आणि त्यांची ओळखपत्रे कोणती, हे हवे असते. जो राहणारच नाही त्याचे नाव राहणाऱ्यांत लिहू नका. कायमचा पत्ता म्हणून भावाचा पत्ता देता येईल. न्यायालयातल्या अर्जातही पत्रव्यवहारासाठी भावाचा किंवा वकिलाचा पत्ता ठेवावा, कारण अर्जाची प्रत नवऱ्याला जातेच. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो, त्यामुळे रामबागेचा पत्ता पुरेसा आहे.

घरमालक काकांच्या भीतीला उत्तर आहे, ते त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये. अर्ज करताना पुष्कळदा फक्त निवासाचा आदेश मागितला जातो आणि संरक्षण आदेश राहून जातो. शिक्षेची तरतूद करणारे कलम ३१ संरक्षण आदेशाच्या भंगाविषयी बोलते, म्हणून दोन्ही मागा. नवऱ्याने तुमच्या कामाच्या ठिकाणी, मुलीच्या शाळेत आणि तुम्ही राहत असाल त्या जागी येऊ नये, फोन किंवा निरोपानेही संपर्क करू नये, असे शब्द आदेशात यावेत असा आग्रह धरा. नवा पत्ता न लिहिताही ‘अर्जदार जिथे राहत असेल ते ठिकाण’ असे म्हणता येते. आदेशाची प्रत ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विनाशुल्क पाठवणे हे कलम २४ प्रमाणे न्यायालयाचे काम आहे. भंग झाल्यास १ वर्षापर्यंत कैद, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरही न्यायालय गुन्हा झाल्याचा निष्कर्ष काढू शकते. म्हणजे काकांना साक्षीला जावेच लागेल असे नाही. आदेश दाखवायचा की नाही, यावर काका आणि ओसरीताई यांच्यापैकी मी ओसरीताईंच्या बाजूला आहे: घर ठरेपर्यंत तो पिशवीत असू द्या, राहायला गेल्यावर पहिला गोंधळ झाला तर मालकांना आणि पोलिसांना एकाच वेळी दाखवा.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय किंवा १५१०० हा क्रमांक. मधल्या काळात भावाकडे राहणे अशक्य झालेच, तर १८१ वर फोन करून वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा आसरा मागता येतो, पण तो अगदी अल्पकाळाचा असतो, त्याच्या भरवशावर घरशोध थांबवू नका. अर्जाला पोलीस तक्रारीची प्रत, वैद्यकीय कागद असतील तर ते, पगाराच्या पावत्या, मुलीच्या शाळेचा दाखला आणि तुम्ही पाहिलेल्या घरांचे भाडे दाखवणारे कागद किंवा संदेश जोडा. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात, आणि मग भाड्याची रक्कम अंदाजाने ठरते. अंतरिम आदेशाचा अर्ज आणि त्याचे शपथपत्र मुख्य अर्जाबरोबर त्याच दिवशी दाखल करा.